एकाच खिडकीचं माप

प्रिय सुई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असणार, कारण या घरातून तुला पत्र असं कधी गेलेलंच नाही. म्हणून आधी एवढं वाच: आम्ही दोघंही धडधाकट आहोत, दुकान चालू आहे आणि बाबांचा गुडघा जसा कुरकुरत होता तसाच कुरकुरतोय. आता निवांत बस. पत्र लांबणार आहे. मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि फोनवर मी जरा कुठे मुद्द्याकडे वळले की नेमका त्याच वेळी तुझा साहेब तुला हाक मारतो. तो साहेब एकदा बघायचाय मला. शहरातली प्रेक्षणीय स्थळं बघायला येतेच आहे, त्यात त्यालाही घाल.

तयारी जोरात आहे. तुझ्या बाबांनी घर डोक्यावर घेतलंय. जो माणूस पलीकडच्या गावात पडद्याच्या दांड्या बसवायला गेला तरी अंधार पडायच्या आत घरी परतायची घाई करायचा, तो आता उठल्यापासून शहर शहर करतोय. माझ्या कापायच्या टेबलावर त्यांनी, कापडावर खुणा करायच्या खडूनं, तुझं शहर काढून ठेवलंय. हे स्टेशन, ही नदी, हा तो उंच मनोरा, हे संग्रहालय, ही नाव सुटते ती जागा, ही मोठी बाग आणि हा आपला लॉज. येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांना ते हातातल्या पट्टीनं सगळं समजावून सांगतात, जसं काही शहर यांनीच बांधलंय. आणि मला रोज त्याच्यावरच कापड पसरावं लागतं. परवा शाळेच्या सभागृहाचे पडदे कापले, तर मागच्या बाजूला अख्खी नदी उमटली. ती झटकता झटकता माझी कंबर धरली.

त्या नकाशाकडे बघत असतानाच पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सहज विचारलं, यात आपल्या सुईचं घर कुठे आहे? तर म्हणाले, ते जरा लांब पडतं, टेबलावर मावणार नाही. मी म्हटलं, सभागृहांचे पडदे मावतात या टेबलावर, एक घर नाही मावणार? त्यावर त्यांनी खडू खिशात घातला आणि शिडी आणायला मागे गेले. शिडीचं काहीही काम नव्हतं. आले, शिडी भिंतीला लावली, थोडा वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मग माझ्या शिलाई मशीनला तेल घालायला बसले. तुला सांगायला नको, हा माणूस कुणी न सांगता मशीनला तेल घालायला बसला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. तुझी बाहुली त्यांच्या पायाखाली फुटली होती तेव्हाही माझं मशीन कितीतरी दिवस लोण्यासारखं चालत होतं.

संशय माझ्या रक्तातच आहे, नाही म्हणत नाही. कापड उजेडात धरल्याशिवाय मी घेत नाही. हा शेवटचाच तुकडा उरलाय असं दुकानदार म्हणाला की मी पुढचं दुकान गाठते. लहानपणी तुझं पोट दुखायला लागलं की मी आधी तुझं शाळेचं वेळापत्रक बघायचे, मग पोट. त्यामुळे ज्या माणसानं लग्नापासून मला गावाबाहेरचं तळंसुद्धा धड दाखवलं नाही, तो तुझ्या एका फोनवर तीन दिवस शहर बघायला तयार होतो, दुकान बंद ठेवायला तयार होतो, गुडघ्याचं नाव काढत नाही, हे मला पचणं शक्यच नव्हतं. तिकिटं काढून आणली तेव्हा चेहऱ्यावर असा काही आनंद, की मला घाबरायलाच झालं. मी त्या दिवसापासून कान टवकारून बसले.

पहिला संशय त्यांच्या तब्येतीवर गेला. माझं साधं मत आहे, या वयात माणसं मोठ्या शहरात मनोरे बघायला जात नाहीत, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला जातात. मनोरा वगैरे नंतर, वाटेत. म्हणून ते जिना चढायला लागले की मी खाली उभी राहून धाप लागतेय का ते ऐकायचे. खिसे तपासले, तर लिमलेटच्या गोळ्या आणि दोन स्क्रू. जेवण नेहमीपेक्षा जास्तच. शेवटी काहीतरी निमित्त काढून त्यांना शेजारच्या चष्मेवाल्या बाईंकडे डोळे तपासायला पाठवलं आणि बाईंना आधीच सांगून ठेवलं की डोळ्यांबरोबर जमेल तेवढा बाकीचा माणूसही बघून घ्या. बाईंनी निरोप दिला, डोळे ठणठणीत आहेत, फक्त नजर चोरट्यासारखी वाटली.

या बाई तुला आठवतात ना? त्या एकदा तुझ्या शहरात जाऊन आल्यात आणि तेव्हापासून शहराच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. रोज दुपारी येऊन मला नवीन भीती घालून जातात. लॉजमधल्या आरशामागे काय असतं सांगता येत नाही. रस्त्यात कुणी वेळ विचारली तर मनगट पुढे करायचं नाही. लिफ्टमध्ये एकट्या माणसाबरोबर जायचं नाही, आणि खूप माणसं असतील तर तेव्हाही जायचं नाही. नावेत मधोमध बसायचं. मी त्यांच्या सांगण्यावरून पोलक्याला आतून खिसा शिवून घेतलाय आणि बाबांच्या पॅंटला दोन. पण खरं सांगू का, या असल्या भीतीत मला बरं वाटत होतं. चोराची काळजी करायला सोपी असते. दुसरी काळजी कशाची करायची तेच मला कळत नव्हतं.

दुसरा संशय तुझ्यावर गेला, आणि तो गोड होता. मला वाटलं, लेकीला काही सांगायचंय आणि ते तिला तोंडावर सांगायचंय. म्हणून आम्हाला बोलावतेय, म्हणून बाबा एवढे खुशीत आहेत, म्हणून सगळं गुपचूप चाललंय. बाबांना कळलं आणि मला नाही याचा थोडा राग आला, पण असल्या बातमीपुढे राग कुठे टिकतो? मी दुकानातलं सगळ्यात मऊ कापड बाजूला काढून ठेवलं. अगदी लोकरीसारखं मऊ, पिवळसर. ते कापून ठेवलं नाही, एवढं बरं केलं. आता ते मी चष्मेवाल्या बाईंना काचा पुसायला देऊन टाकलंय.

कारण मग लॉजचं निघालं. तू म्हणालीस, घरात रंगकाम चाललंय, सगळीकडे पसारा आहे, वासानं बाबांना खोकला होईल, म्हणून स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्यात, आणि मीही तुमच्याबरोबर तिथेच राहीन, मजा येईल. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ हात पुसत उभी होते. आपल्याच शहरात लॉजमध्ये राहायला कोण जातं गं? आणि जावईबापू कुठे राहणार? त्या वासात? तुला विचारलं तर म्हणालीस, त्यांना कामाचा खूप ताण आहे. त्यांच्याशी बोलते म्हटलं तर ते अंघोळीला गेलेले. म्हणजे बघ, आम्ही सकाळी फोन केला तरी ते अंघोळीला, दुपारी केला तरी अंघोळीला, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी केला तरी अंघोळीला. एवढा स्वच्छ माणूस मी जन्मात पाहिला नाही.

तेव्हा मला वाटलं, त्यांना आमची लाज वाटते. पडदे शिवणारी सासू आणि शिडी खांद्यावर घेऊन हिंडणारा सासरा. मनाला लागलं माझ्या. कारण मला तो माणूस आवडला होता, हे लिहूनच टाकते. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा बाबा शिडीवर होते, तर यांनी काही न बोलता खालून शिडी धरली आणि बाबा उतरेपर्यंत सोडली नाही. असा माणूस लाज वाटून घेईल हे पटत नव्हतं, पण शहरात माणसं बदलतात असं चष्मेवाल्या बाई म्हणतात, आणि मी पटवून घ्यायला लागले होते.

रंगकामाचं मात्र पटेना. त्या घरात मी पाऊल ठेवलेलं नाही, पण त्याच्या खिडक्या मला पाठ आहेत. तुमच्या लग्नानंतर सगळ्या घराचे पडदे मीच शिवून पाठवले: बैठकीच्या खोलीचे ते राखी निळे, दाराएवढ्या उंचीचे, झोपायच्या खोलीचे दुहेरी, स्वयंपाकघराचा तो आखूड. माझ्या हातून गेलेलं माप मी विसरत नाही. आणि सुई, रंगकाम म्हटलं की सगळ्यात आधी काय उतरतं? पडदे. लोक भिंतींचा रंग ठरवायच्या आधी आपल्याकडे येतात, की काकू, पडदे उतरवायचेत, धुवायचे कसे, विटलेत का, आखूड होतील का, नवेच करू का. तू दुकानात वाढलीस, कापायच्या टेबलाखाली गृहपाठ केलास. तुझ्या घराला रंग लागतोय आणि तू मला पडद्यांचं एका शब्दानं विचारत नाहीस? तू त्या घराचा विचारच करत नाहीयेस, असं मला तेव्हा वाटून गेलं. वाटून गेलं आणि मी ते झटकलं.

मग तुझा तो फोन आला. ऑफिसातल्या मैत्रिणीला एक पडदा हवाय, शिवून येताना घेऊन ये. एकच पडदा, एकच खिडकी. तू माप सांगितलंस आणि मी लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता माझा हात मंदावला. गिऱ्हाईक माप कसं देतं हे तूही पाहिलंयस. काचेचं देतं. डोळ्याला दिसते तेवढी खिडकी. दांडी कुठे येणार, बाजूंना किती सोडायचं, घड्यांना कापड किती धरायचं, हे आपल्याला खोदून खोदून विचारावं लागतं, आणि तरी बरेच जण चुकीचंच सांगतात. तुझ्या मैत्रिणीचं माप मात्र दांडीपासून आलं. दोन्ही बाजूंना वीतभर सोडून, खाली दोन बोटं उचलून, घड्या धरून. असं माप स्टुलावर चढून, टेप दातात धरून घ्यावं लागतं, आणि ते आपल्या दुकानातलं माणूसच घेतं. वर तू म्हणालीस, उजवीकडे कपाट आहे म्हणून पडदा डावीकडेच सरकायला हवा, आणि अस्तर जाड लाव, सकाळचं ऊन थेट उशीवर येतं. अगं, मैत्रिणीच्या उशीवर सकाळचं ऊन येतं हे तुला कुठून कळलं? पण मी काही विचारलं नाही. मी बरं म्हटलं. मी बरं म्हटल्यावर तुलाही संशय यायला हवा होता.

कापड चांगलं निवडलं, गडद हिरवं. तू म्हणाली होतीस, मैत्रिणीला कुठलाही रंग चालेल, पण मी हिरवंच घेतलं. कापताना मी स्वतःला समजावत होते की मैत्रिणीच्या घरी राहिली असेल एखाद दिवस, मुली राहतात. अस्तर लावेपर्यंत तेच समजावत होते. पण जाड अस्तर हातात घेतलं आणि आठवलं, उजेडाची एक तिरीप आली तरी तुला झोप लागायची नाही, म्हणून टेबलाच्या चारी बाजूंनी चादरी सोडून मी तुला दुपारी अंधार करून द्यायचे. खालची दुमड घालायला घेतली तेव्हा मला पक्कं कळलं की मी माझ्या लेकीच्या खोलीचा पडदा शिवतेय. एक खिडकी, एक कपाट, एक उशी. मशीन थांबवलं. रडले थोडी. मग अस्तरावर डाग पडायला लागले म्हणून उठले आणि तोंड धुऊन आले.

तरी मन मानत नव्हतं. कापडावरून ओळखलेलं खोटंही ठरू शकतं, म्हटलं. त्याच दिवशी मी प्रवासाची पिशवी नीट लावायला घेतली, कारण तुझे बाबा शर्ट भरतात म्हणजे कोंबतात. तर तळाशी, टॉवेलात गुंडाळलेलं, काय असावं? ड्रिल मशीन. शेजारी स्क्रूंची पुडी, भिंतीत ठोकायच्या खुंट्या आणि आपली पाणसळ, दांडी सरळ आहे का बघायची. तीन दिवस शहर बघायला निघालेला माणूस पाणसळ कशाला नेतो? मनोरा वाकडा आहे असं कुणी सांगितलं की काय त्याला? मी ते सगळं एकेक करून टेबलावर मांडलं, खडूच्या त्या मोठ्या बागेत, आणि त्यांना हाक मारली. ते आले तेव्हा तेलाची बुधली हातातच होती.

मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "तिथे दांडी तिनं स्वतःच बसवलीये. भिंत पोकळ आहे. जाड अस्तराचं वजन नाही घेणार ती."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. ते स्टुलावर बसले. मीही बसले. मग सगळं सांगितलं त्यांनी, म्हणजे त्यांना ठाऊक होतं तेवढं, आणि ते काही फार नाही. तुझा फोन लागत नव्हता म्हणून त्यांनी जावईबापूंना फोन लावला होता, आणि जावईबापू त्या दिवशी अंघोळीला गेलेले नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं की तू आता त्या घरात राहत नाहीस, बरेच महिने झाले, तू वेगळी खोली घेतलीयस, आणि हे तुझ्याकडूनच कळायला हवं होतं. वर बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली म्हणे. माणूस वाईट नाही, असं बाबांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं अजून ठरायचंय. मग बाबांनी तुला गाठलं, आणि तू सांगितलंस की नाही जमलं आमचं, आईला इतक्यात सांगू नका. बाबांनी बरं म्हटलं. आणि पुढे फक्त एवढंच विचारलं, तिथे खिडकीला पडदा आहे का.

मी त्यांना विचारलं की मग हे मनोरे, नावा, संग्रहालयं कशासाठी. तर म्हणाले, "आधी तुला ती बरी दिसायला हवी, असं तिला वाटतं. हिंडताना, हसताना. मग शेवटच्या दुपारी सांगणार आहे."

म्हणून शेवटच्या दुपारी काही ठेवलेलं नव्हतं होय. मी विचारलंही होतं तुला की त्या दुपारी काय बघायचं, तर तू म्हणालीस, बागेत जरा टेकू, स्टेशन जवळच आहे. इतकी तापले मी, की बाबांशी बोलणंच टाकलं. मीठ दे म्हणायचं झालं तरी चष्मेवाल्या बाईंना सांगायचे, यांना सांगा मीठ द्यायला, आणि बाई बिचाऱ्या सांगायच्या. त्यांना कारण कळलेलं नाही. त्यांना वाटतंय, आमचं लॉजवरून बिनसलंय. बाबांवर राग होता, तुझ्यावर त्याहून जास्त होता. माझी मुलगी एकटी स्टुलावर उभी राहून पोकळ भिंतीत दांडी ठोकत होती आणि मी इथे शाळेच्या सभागृहाच्या पडद्यांना झालरी लावत होते. आणि तू मला बागेतल्या बाकावर सांगणार, मग घड्याळ बघणार, मग गाडीत बसवून देणार. मी खिडकीला तोंड लावून घरी येणार, शेजारी हे लिमलेटची गोळी पुढे करणार, आणि तू फलाटावरून परत जाणार, एकटी, त्या खोलीवर, जी मी पाहिलेलीच नाही. कुठल्या शहाण्यानं आखलं हे?

राग उतरत नव्हता म्हणून मीही एक बेत रचला. आता कळूच दे तुला. तिथे आल्यावर दुसऱ्या दिवशी, मनोऱ्याच्या पायथ्याशी, माझ्या पोटात जोरात दुखायला लागणार होतं. लॉजवर आडवी पडणार नाही म्हणणार होते, लेकीच्याच घरी न्या म्हणून हटून बसणार होते, आणि मग तुम्ही दोघं काय करता ते बघणार होते. चेहरा कसा करायचा याची कपाटाच्या आरशात मी तालीमही केली. तर मागून बाबा आले आणि घाबरून विचारायला लागले, खरंच दुखतंय का. त्यांचं ते तोंड बघून मला हसू आलं, आणि आमचं बोलणं परत सुरू झालं. बाबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पिशवीत ड्रिल परत ठेवलं. मी अडवलं नाही.

मग शांत डोक्यानं त्या तीन दिवसांचा विचार केला. तू हसत हसत आम्हाला तिकिटं काढून देणार, नावेत माझा हात धरणार, संग्रहालयात मोठ्यानं पाट्या वाचून दाखवणार, आणि सगळा वेळ तुझं लक्ष शेवटच्या दुपारकडे. बाबा तोंड दाबून धरणार आणि दिसेल त्या यंत्राला तेल घालायला धावणार. मी पोट धरून बसणार. तिघंही एकमेकांना फसवत हिंडणार, आणि मनोऱ्यावरून शहर बघायचंय कुणाला? मला ते चित्र सहन झालं नाही. बाबांना तू आधी सांगितलंस, आणि मला नाही, हे लागलं मला, अजून लागतंय. पण का ते समजतं. त्यांना काही सांगितलं की ते बरं म्हणतात. मला सांगितलं असतंस तर मी विचारलं असतं, का, कधीपासून, कोण काय म्हणालं, जेवतेस का, दाराला कडी नीट आहे का. तुझ्याजवळ तेव्हा उत्तरं नसतील. मला नसतं थांबता आलं.

म्हणून हे पत्र, सुई. पत्रात मी कितीही बोलले तरी तुला लगेच काही म्हणावं लागत नाही, आणि मला तुझ्या गप्प राहण्याचे अर्थ काढता येत नाहीत. तुला काही विचारायला मी हे लिहिलेलं नाही. तुला मला काही सांगावं लागू नये म्हणून लिहिलंय. मला कळलंय. ते बागेतलं बाक, ते शब्द जुळवणं, योग्य वेळ बघणं, सगळं मनातून काढून टाक. सांगायचं काम झालं. पुढचं तुला वाटेल तेव्हा, वाटलं तर, आणि नाही वाटलं तर नको. लॉजची एक खोली सोडून दे, दुसरी बाबांना राहू दे, त्यांना लॉजमध्ये राहायची हौस आहे. मी तुझ्या खोलीवर राहीन, जमिनीवर झोपेन, आणि जागा नसेल तर भिंतीला टेकून बसेन. मनोरा बघू, नावेतही बसू, मधोमध. पण गाडीतून उतरल्यावर तू समोर दिसशील तेव्हा आमच्यासाठी म्हणून हसू नकोस. रडावंसं वाटलं तर तिथेच रड, कितीही लोक असले तरी. मी बॅगा बाबांकडे देऊनच उतरेन, म्हणजे दोन्ही हात मोकळे असतील.

तुझीच,
आई